माग

रात्री साडेनऊला विडी घरकुलातले माग थांबतात
आणि कानात शिट्टी वाजत राहते.
त्या शिट्टीत मी शब्द पाठ करते.
दोनशे पानी वही, तीन रकाने :
शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग.
चौथा इराबत्ती सरांनी आखायला लावला. मूळ.
म्हणाले, नुसता पाठ केलेला शब्द भाडेकरू,
परीक्षा झाली की खोली सोडतो.

पोर्ट म्हणजे वाहून नेणं.
हे कळलं त्या संध्याकाळी
इंग्रजी शब्दांतून हमाल जाताना दिसू लागले :
एक्स्पोर्ट, इम्पोर्ट, ट्रान्स्पोर्ट,
आणि रिपोर्ट, जो फक्त बातमी पाठीवर घेऊन परत येतो.
आपली चादर जायची परदेशात, नाना सांगतात.
आता टॉवेल जातात. तेही दुसऱ्यांचे.

मॅनस म्हणजे हात.
मॅन्युअल, मॅन्युस्क्रिप्ट, मॅन्युफॅक्चर.
अम्मा तेंदूची पानं कातरत होती,
सूप मांडीवर, डोळे वहीकडे.
हजार विड्या वळणाऱ्या हाताला काय म्हणतात त्यात?
शोधलं. इमॅन्सिपेट सापडला :
हातात धरलेलं सोडून देणं, मोकळं करणं.
अर्थ लिहिला, मूळ लिहिलं.
वाक्यात उपयोग
अजून कोरा आहे.

एप्रिलात, पत्रा तापून कडकड वाजत असताना
टेक्स्ट आला.
टेक्सेरे, विणणं.
टेक्स्टाइल, टेक्स्ट, कॉन्टेक्स्ट एकाच घरचे!
आणि प्रीटेक्स्ट, समोर विणून धरलेला पडदा, म्हणजे सबब.
मी वही घेऊन तशीच धावले.
नाना, पुस्तक म्हणजे विणलेलंच की!
नानांनी धोट्यातली कांडी बदलली,
माग सुरू करण्याआधी विचारलं,
ओळी आडव्या, तो झाला बाणा.
ताणा कुठाय?
मी गप्प.
ताण्याशिवाय बाणा म्हणजे गुंता, म्हणाले
आणि खटका ओढला.
पुढचं काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सटल.
मधला ब लिहायचा, बोलायचा नाही.
सब म्हणजे खाली, टेला म्हणजे मागावरचं कापड.
कापडाखालून जाणारा बारीक धागा,
म्हणून तरल, सूक्ष्म, चटकन न दिसणारं.
हे मात्र नानांना पटलं.
चादर उलटी करून दाखवली :
वर मोर, खाली सगळे सुटे धागे,
कुठं दिसायचं नाही म्हणून
खालून चालत गेलेले.
तुझा तो ब इथं असणार, म्हणाले.

सरांचं एक वाक्य मी घरी आणलं :
प्रत्येक शब्दाचा माग काढायचा.
जेवताना सहज म्हटलं,
माग काढायचाय, नाना.
त्यांचा घास हातातच राहिला.
तुला कुणी सांगितलं?
अम्मा ताटातली शेंगाचटणी
बोटानं इकडची तिकडे करत बसली.

मग कळलं.
भंगारवाला रविवारी येऊन गेलेला,
किलोचा भाव सांगून.
एका वाक्यात दोन अर्थ, दोन्ही बरोबर,
वहीत असा रकाना नाही.

चारातला एक गेला. टेम्पोत
जकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्यांची माळ
शेवटी चढवली, मोर त्यातच होता.
फरशीवर बोल्टांची चार भोकं उरली.
तिथं आता माझं टेबल आहे,
एक पाय भोकात जातो म्हणून
खाली घडी घातलेलं कापड.

रात्री नाना येतात. इंग्रजी येत नाही त्यांना.
वहीचं पान उचलून
उलट्या बाजूनं तळहात फिरवतात,
उलटी बाजू बघितल्याशिवाय
त्यांनी कधी माल पास केला नाही.
बॉलपेनचे उठलेले वळ बोटांना लागतात.
फार दाबून लिहितेस, म्हणतात.
सैल धर थोडं. तुटतं.